सँटोरिनीचा शेवटचा दिवस: ज्वालामुखीची बोट की अक्रोतिरी?

सँटोरिनी या ग्रीक बेटावरून परतीचं विमान उद्याचं, सोबत आजी-आजोबा आणि मुलं. आजचा पूर्ण दिवस कुठे घालवायचा?

मुलं बोटीचाच हट्ट धरतील. नेआ कामेनी हा काल्डेरातला (ज्वालामुखी खचून झालेल्या, समुद्राने भरलेल्या खोलगटातला) जिवंत ज्वालामुखी, एक छोटं बेटच, शेवटचा उद्रेक १९५० चा. विवरापर्यंतची चढण फार लांब नाही, पण काळ्या सुट्या खड्यांची, आणि सावली अजिबात नाही. पुढे शेजारच्या पालेआ कामेनी बेटाच्या कोमट पाण्यासाठी बोटीतून थेट समुद्रात उतरून पोहत जावं लागतं. त्या लोहयुक्त पाण्याने फिकट कपड्यांवर तांबूस डाग पडतात; ते ओले कपडे मग रात्री बॅगेत कोंबायचे. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी वारा सुटला तर बोट हेलकावे खाते, ते वेगळंच.

अक्रोतिरी हे प्राचीन शहर सुमारे ३६०० वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. पुरातत्त्वज्ञ स्पिरिदॉन मारिनातोस यांनी १९६७ मध्ये इथे उत्खनन सुरू केलं. आज सगळं छपराखाली आहे, त्यामुळे आजोबाही निवांत फिरू शकतात. दुमजली घरं, धान्यातेलाचे रांजण, रस्त्याखालची गटारं! आणि माणसांचे सांगाडे मात्र सापडले नाहीत. भूकंपाच्या इशाऱ्याने लोक आधीच निघून गेले असावेत. ते ऐकून मुलं प्रश्नांचा भडिमार करतात, आणि मला तेच हवं असतं. भित्तिचित्रं मात्र इथे दिसत नाहीत. त्यांतली काही फिरा या बेटावरच्या मुख्य गावातल्या प्रागैतिहासिक संग्रहालयात आहेत.

माझं मत अक्रोतिरीला. दुपारनंतर पेरिसा किनाऱ्याच्या काळ्या वाळूत मुलांना मनसोक्त खेळू द्या. बोट हवीच असेल, तर ती सहलीच्या सुरुवातीला करा.