ठिपक्यांचा देवनागरी फॉन्ट: आठ महिने वापरून

बेळगावात शहापूर भागात आमचं बोर्डांचं लहानसं दुकान आहे. फ्लेक्स, विनाइल (कापून चिकटवायचा रंगीत स्टिकर) आणि अलीकडे पिक्सेल एलईडी. हा फॉन्ट गणपतीच्या सीझनआधी घेतला तो एलईडीसाठीच. या बोर्डाला १२ एमएमची भोकं पाडून मागून बल्ब बसवतात. पूर्वी अक्षराच्या कडेनं एकेक टिंब हातानं मांडायला लागायचं. इथं अक्षरच टिंबांचं. फाइल सीएनसीवाल्याला (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीननं भोकं पाडणाऱ्याला) दिली की झालं. तेवढ्यावरच पैसे वसूल.

दिसायला देखणा. काने दोन रांगांचे, त्यामुळं रस्त्यापलीकडून अक्षर भरीव दिसतं आणि जवळ गेलं की ठिपक्यांची रांगोळी. पण बल्ब खातो. ५० ची माळ, अशा तीन माळा एकट्या 'मंडळ'ला गेल्या.

आणि त्या 'मंडळ'नंच घोटाळा केला. अनुस्वाराचं टिंब शिरोरेषेच्या टिंबांएवढंच, तिला चिकटून. रात्री बोर्ड पेटवला आणि खालून एकजण ओरडला, "मडळ केलासा की ओ!" कन्नडची अडचण नाही, तिथं अनुस्वार म्हणजे ओळीतच बसणारं पुरतं वर्तुळ. आपल्याकडं तो वरचा एक थेंब, आणि ठिपक्यांच्या गर्दीत थेंब कोण ओळखणार?

दुसरी खोड त्याहून चिवट. भ आणि म, ध आणि घ यांत डोळा शिरोरेषेतली फट शोधतो. इथं रेषाच फटींची! एका खानावळीचं 'भोजनालय' लांबून 'मोजनालय' दिसायला लागलं. मालक हसले, पण बदलून घेतलं. आता अशा अक्षरांवरची दोन-दोन टिंबं मीच उडवतो.

कर्निंग (जोडीजोडीनं अक्षरांमधलं अंतर आपोआप कमी-जास्त करणं) बंद ठेवा, नाहीतर दोन अक्षरांच्या सांध्यावर टिंबं एकमेकांवर चढतात.

लहान आकारात मात्र घेऊच नका. आमच्याकडं दुकानाच्या फलकावर ६० टक्के कन्नड लागतं, उरलेल्यात मराठी आणि इंग्रजी. म्हणजे मराठीला बऱ्याचदा दोन-तीन इंचांची पट्टी. तेवढ्यात विनाइल कापलं तर टिंब तीन एमएमचं. जादाचं सोलताना निम्मी टिंबं त्याच्याबरोबर निघून येतात. एकदा पोरानं आणि मी जेवणवेळ चिमट्यावर घालवली. तिथं आपला साधा ठळक फॉन्टच बरा.

खानापूरच्या एका बाईंनी मुलांना गिरवायला अक्षरं मागितली होती. दोन रांगांच्या कान्यात पेन्सिल कुठून न्यायची? गिरवायचा फॉन्ट एकेरी ठिपक्यांचाच लागतो, हा त्यातला नव्हे.

अनुस्वारावर तोडगा काढलाय: टिंब एक घर वर सरकवतो आणि तिथं वेगळ्या रंगाचा बल्ब लावतो. मंडळवाल्यांना तो लाल ठिपका इतका आवडला, की पुढच्या वर्षी 'गणपती'वरही पाहिजे म्हणतात. तिथं अनुस्वार नाही हो, सांगून दमलो.