पहिली तबकडी कुठली: 'गिव्ह अप' की 'करंट्स'?

माझ्या आतेबहिणीने सानपाड्याच्या घरी रेकॉर्ड प्लेअर आणलाय. सुटकेससारखा, झाकण उघडून लावायचा, स्पीकर आतच. मग फोन आला, "दादा, पैसे एकाच तबकडीचे आहेत. बँड इंडी, म्हणजे मुख्य प्रवाहाबाहेरचा हवा, पण मशीनचे आवाज भरपूर हवेत. द पोस्टल सर्व्हिसचा 'गिव्ह अप' की टेम इम्पालाचा 'करंट्स'? तू सांग." दोन्ही अल्बम मी ठाणे-वाशी लोकलमध्ये एवढे ऐकलेत की स्टेशनं आणि गाणी डोक्यात एकमेकांना चिकटलीत. म्हणून हे जरा सविस्तर.

आधी एक गंमत. बँड म्हणून घ्यायला जाल तर दोन्हीकडे फसगत आहे. 'करंट्स' (2015) केव्हिन पार्करने एकट्याने केलाय: लिहिणं, वाजवणं, गाणं, रेकॉर्डिंग, मिक्सिंग, सगळं ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलमधल्या घरच्या स्टुडिओत. बाकीचे वादक स्टेजवर दिसतात, अल्बमवर नाहीत. आणि 'गिव्ह अप' (2003) मधले दोघे एका शहरातही नव्हते. जिमी टँबोरेलो लॉस एंजेलिसमध्ये संगीताचा सांगाडा तयार करायचा, टेप टपालाने सिअ‍ॅटलला बेन गिबर्डकडे जायची. तो त्यावर शब्द आणि गळा चढवून परत पाठवायचा. बँडचं नाव त्यावरूनच पडलं. पुढे अमेरिकेच्या टपालखात्याने नावावर हरकत घेणारं पत्र धाडलं, आणि शेवटी तडजोड होऊन त्याच खात्याने हा अल्बम स्वतःच्या वेबसाइटवर विकला. आपल्याकडे असं झालं असतं तर फाइल अजून कुठल्यातरी टेबलावर असती.

आता आवाज. 'करंट्स'चा खरा नायक बेस, म्हणजे खालचा जाड सूर आहे. पार्करचे आधीचे दोन अल्बम गिटारच्या धुरात बुडालेले, इथे त्याने सिंथसायझर पुढे आणला आणि खाली डिस्कोसारखा गुबगुबीत ठेका ठेवला. 'द लेस आय नो द बेटर'ची सुरुवातीची बेसची ओळ एकदा कानात बसली की दोन दिवस जात नाही. पण माझं मन पहिल्या गाण्यावर, 'लेट इट हॅपन'वर. जवळजवळ आठ मिनिटांचं. मध्येच एक तुकडा अडकतो आणि तोच तोच वाजत राहतो, सीडीवर ओरखडा असावा तसा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गाडी घणसोली सोडत होती. मला वाटलं फोन हँग झाला, गर्दीत कसाबसा खिशातून काढला, तर गाणं आपलं चालूच. तबकडीवर हे ऐकणारा माणूस सुई उचलायला धावणार, नक्की.

'गिव्ह अप'चे ठेके उलट किरकोळ अंगाचे. टिकटिक, खटखट, बारीक बीप, आणि त्यावर गिबर्डचा साधा, शेजारी बसून बोलावं तसा आवाज. 'सच ग्रेट हाइट्स'च्या सुरुवातीला बीप डाव्या कानात, मग उजव्या, मग डाव्या. मी आणि बहीण एकदा एकेक इअरफोन वाटून ऐकत होतो, दोघांनाही अर्धंच गाणं मिळालं. (हा खेळ तिच्या प्लेअरवरही हरवणार, कारण दोन्ही स्पीकर वीतभर अंतरावर.) पण या अल्बमचं सोनं 'नथिंग बेटर'मध्ये आहे. तो गयावया करतोय, नको जाऊस. गायिका जेन वूडच्या आवाजातली ती शांतपणे सांगते की हे आता संपलंय, आणि पटवायला चक्क तक्ते आणि आलेख काढते. तमाशातला सवाल-जवाबच, फक्त ढोलकीच्या जागी कॉम्प्युटर.

शब्दांत 'करंट्स' मला थोडा कमी वाटतो. मी बदललो, मी बदलतोय, पुन्हा तीच चूक. तेरा गाण्यांत हे जरा ताणलं जातं. अपवाद 'पास्ट लाइफ'चा, ज्यात जाड केलेल्या आवाजात एकजण सांगतो की लाँड्रीतून कपडे आणताना जुनी प्रेयसी दिसली.

आता तबकडीचा हिशोब, कारण खरेदी तिचीच आहे. 'करंट्स' 51 मिनिटांचा, दोन तबकड्यांवर. म्हणजे साधारण तेरा मिनिटांनी उठा, बाजू बदला. पण त्याचा फायदाही आहे. एका बाजूला कमी मिनिटं असली की खाचा ऐसपैस कापता येतात, आवाज मोठा राहतो, बेस दबत नाही. 'गिव्ह अप' 45 मिनिटांचा, एकाच तबकडीत मावतो. पहिल्या बाजूवर पाच गाणी. ठाण्याला सुरू केलं तर ती तुर्भ्याच्या आसपास संपतात.

चांगला अ‍ॅम्प्लिफायर आणि वेगळे स्पीकर असते तर मी डोळे झाकून 'करंट्स' म्हणालो असतो. पण सुटकेसमधल्या तळहाताएवढ्या स्पीकरमधून तो बेस निघणारच नाही. निघेल ती बेसची आठवण. दोन तबकड्यांचे पैसे देऊन अर्धा अल्बम घरी आणण्यासारखं ते. 'गिव्ह अप'मधला माणसाचा आवाज आणि ती टिकटिक मात्र त्या डब्यातूनही स्वच्छ येते, कुकरच्या शिट्टीतसुद्धा. 'करंट्स' फोनवर, चांगल्या हेडफोनवर ऐक, असं मी तिला सांगितलं. कुणाकडे मोठी सिस्टिम असेल तर माझा सल्ला उलटा धरा, आणि खालच्या मजल्यावरच्यांशी आधी बोलून घ्या.

तबकडी मागवली तर ज्या दिवशी येईल त्याच दिवशी उघडून आडवी धरून बघा. माझं एक पार्सल मे महिन्यात दिवसभर तापलेल्या गाडीत फिरलं होतं. प्लेअरवर ठेवलं तर तबकडी पापडासारखी वर-खाली, आणि गाणं खाडीतल्या होडीसारखं हेलकावे घेतंय.

बहिणीने 'गिव्ह अप' मागवलाय. काल मेसेज आला: "मामीला 'नथिंग बेटर' आवडलं. म्हणाली, मुलगी बरोबर बोलतेय." मामी म्हणजे माझी आई.