खिशातलं हवामान यंत्र: नऊ महिने वापरल्यानंतर

लांबच्या नेमबाजीसाठी घेतलेल्या या यंत्राचा वारा मोजणारा पंखा गेल्या आठवड्यात अडकला. सर्व्हिस सेंटरने धूळ आत गेलीय, वॉरंटीत बसत नाही, नवीन भाग विकत घ्या, असं सांगून फोन ठेवला. उघड्यावर वारा मोजायला बनवलेल्या यंत्राला धूळ चालत नसेल तर ते वापरायचं कुठे? शेवटी पंख्याची डबी अंगठ्याने दाबून बाहेर काढली. आसाला गवताचा केसाएवढा तंतू गुंडाळला होता. चिमट्याने ओढला आणि पंखा फुंकरीसरशी फिरायला लागला. एक पैसा लागला नाही.

पण माझी खरी तक्रार तापमानाची आहे. सावलीत ट्रायपॉडला टांगलं की २४ अंश, तेच मुठीत धरून पाच मिनिटं उन्हात उभं राहिलं की ३०! सहा अंश जास्त म्हणजे नेम किती वर धरायचा ते काढणाऱ्या ॲपच्या लेखी हवा दोन टक्के विरळ, म्हणून ते नेम कमी वर धरायला सांगतं. ३०८ विंचेस्टर या रायफलच्या काडतुसाची १७५ ग्रेनची (सुमारे ११ ग्रॅम) गोळी त्यामुळे ८०० मीटरवर सात-आठ सेंटिमीटर खाली लागते. फार नाही, मान्य. पण लांबच्या नेमबाजीसाठी म्हणून विकलेल्या यंत्राला हाताची ऊब आणि हवेचं तापमान वेगळं कळू नये, हे मला पटत नाही. आता आधी सावलीत दोन मिनिटं टांगतो आणि आकडा स्थिर झाल्यावरच ॲपला देतो.

पहिले चार महिने प्रत्येक चुकलेल्या गोळीचं खापर मी या सेन्सरवरच फोडलं. ते चूक होतं. गोळ्या वर लागत होत्या, आणि तापलेल्या आकड्याने त्या खाली लागायला हव्या होत्या. हे ध्यानात आलं तेव्हा सेटिंग उघडून पाहिली. नेमबाजीची रेंज समुद्रसपाटीपासून १२०० मीटर उंचीवर, तिथला खरा दाब ८७७ हेक्टोपास्कलच्या आसपास. यंत्र मात्र समुद्रसपाटीला आणलेला, म्हणजे तिथे असता तर किती असता तो, १०१३ दाखवत होतं. मी तोच खरा दाब म्हणून भरत होतो, आणि ॲप हवा दाट धरून नेम जास्त वर धरायला सांगत होतं. ८०० मीटरवर जवळपास अर्धा मीटर फरक! ॲपमधला गोळीचा वेग वाढवून मी तो झाकत होतो, म्हणून ८०० ला जुळलं की ५०० ला बिघडायचं. तेव्हा दोन तारे दिले होते, आता चार देतो. पण ही सेटिंग तीन मेनू आत का पुरली आहे?

आर्द्रतेचा फरक नगण्य, मी तिकडे बघतही नाही. रायफलच्या तापलेल्या चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या खोबणीत) तापत पडलेलं काडतूस मात्र जास्त वेगाने गोळी सोडतं, आणि ते कुठलंच यंत्र सांगत नाही.

वाऱ्याचा आकडा चांगला, पण तो फक्त मी उभा आहे तिथला. आडव्या वाऱ्यात सेकंदाला एक मीटरची चूक झाली तर ८०० मीटरवर गोळी फूटभर बाजूला जाते. वारा गोळीच्या रेषेशी ३० अंशांत तिरपा असेल तर निम्मी. पुढचा वारा मी स्पॉटिंग स्कोपमधून (टार्गेट बघायच्या दुर्बिणीतून) वाचतो: फोकस टार्गेटच्या थोडा अलीकडे आणला की मृगजळाच्या लाटा कुठे सरकताहेत ते दिसतं. लाटा सरळ वर उकळू लागल्या की वारा पडला किंवा दिशा बदलतोय, तेव्हा ट्रिगरला हात लावत नाही. हे यंत्राने दिलेलं नाही. पण जवळचा आकडा हाताशी असला की लाटांचा वेग ओळखायला डोळा लवकर तयार होतो, आणि यंत्र ठेवलंय ते त्यासाठीच.

चिमटा आता रेंजच्या बॅगेतच असतो.