साक्षीदारांसाठीची खास खोली, जिल्हा न्यायालय : 5 पैकी 3 तारे

मुलगा 23 वर्षांचा, स्वमग्न (ऑटिझम असलेला). त्याच्या कार्यशाळेच्या व्हॅनमध्ये एका मुलाला मारहाण झाली, ती पाहणारा हा एकटाच. समन्स आलं आणि माझ्या पोटात गोळा आला.

खोली चांगली आहे. आरोपी समोर नाही; न्यायाधीश आणि वकील पडद्यावर दिसतात. त्याची विशेष शिक्षिका शेजारी बसली. घरघरणारा पंखा सांगितल्यावर बंद केला. फक्त सजावट सगळी ससे-हत्तींची. ‘ही बालवाडी आहे का?’ असं त्याने थेट न्यायाधीश मॅडमनाच विचारलं.

एक तारा कापला तो वेळेसाठी. पहिल्या तारखेला आरोपीचे वकीलच आले नाहीत. दुसऱ्या तारखेला 11 ला बोलावलं, पुकारा झाला 3:10 ला. आमच्याकडे 11 म्हणजे 11. चार तास तो पट्टेवाल्याला दर पाच मिनिटांनी किती वाजले ते सांगत होता. पट्टेवाला बिचारा दर वेळी ‘बरं’ म्हणायचा.

दुसरा तारा उलटतपासणीने घालवला. ‘तुला घरच्यांनी पढवून आणलंय असं माझं म्हणणं आहे, बरोबर?’ हा म्हणाला, ‘बरोबर.’ वकिलांचं म्हणणं तेच होतं ना! टायपिंग सुरूही झालं. शिक्षिकेने हात वर केला, मॅडमनी थांबवलं आणि स्वतः विचारलं, ‘काय बोलायचं हे तुला कोणी शिकवलं?’ ‘नाही. मी तिसऱ्या सीटवर होतो, खिडकीपाशी.’ वर व्हॅनचा नंबरही सांगितला, कोणी न विचारता. या मॅडम नसत्या तर मी एकच तारा दिला असता.

ज्यांना जायचंय त्यांनी अर्ज तारखेच्या बराच आधी सरकारी वकिलांकडे द्या. ‘मुलगा मोठा आहे, मग खास खोली कशाला?’ असं आम्हाला कार्यालयात ऐकवलं. सर्वोच्च न्यायालयाच्या 11 जानेवारी 2022 च्या आदेशात लहान मुलांबरोबर अपंग साक्षीदारही येतात, फक्त न्यायालयाला तशी गरज पटायला हवी. आदेशाची प्रत आणि यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) अर्जाला जोडा. अपंग हक्क कायदा 2016 चं कलम 12 (न्याय मिळवण्याच्या हक्काचं) पण लिहा. आदल्या दिवशी खोली दाखवायची विनंती करा. आम्ही केली नाही, चुकलं. आणि कानावरचे हेडफोन नेणार असाल तर त्याचाही उल्लेख अर्जात करा, आमचे गेटवरच काढून घेतले होते.