स्कूल बस: कंपनीची तयार घ्यायची की चासीवर बॉडी बांधून?

सांगली-मिरजेकडं शाळेची गाडी घ्यायची म्हटलं की टेबलावर दोन कोटेशन येतात, एक शोरूमच्या तयार गाडीचं आणि एक चासी (म्हणजे इंजिन-चाकांसकटचा नुसता सांगाडा) घेऊन बॉडी बांधायचं, आणि संस्थेची मंडळी फक्त शेवटचा आकडा बघतात. आकडा बघाच, पण आधी हे विचारा की बॉडीच्या मजबुतीवर सही कुणाची आहे.

नियम दोन्हीला सारखेच आहेत. बसच्या बॉडीला एआयएस-०५२ (एआयएस म्हणजे गाड्यांसाठीची भारतीय मानकं) आणि शाळेच्या गाडीला त्याच्यावर आणखी एआयएस-०६३, त्यामुळं "लोकल बॉडीला एवढं काही लागत नाही ओ" असं कुणी म्हणालं तर तिथनं उठा. फरक पडतो तो कागदात. कंपनीच्या पूर्ण गाडीला फॉर्म २२, म्हणजे गाडी नियमात बसते असं बनवणाऱ्याचं सर्टिफिकेट, म्हणजेच चासीपासून सीटपर्यंत सगळं कंपनीच्या गळ्यात. बॉडी वेगळी बांधली की फॉर्म २२-ए, पहिला भाग चासीवाल्या कंपनीचा, दुसरा बॉडीवाल्याचा, आणि त्या दुसऱ्या भागाच्या मागं पुण्यातल्या एआरएआय किंवा सीआयआरटीसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेचं टाइप अप्रूव्हल, म्हणजे त्या मॉडेलला दिलेली मंजुरी, पाहिजे. गोची इथंच होते, कारण अप्रूव्हल दाखवतात खरं, पण ते असतं दुसऱ्याच चासीचं, नाहीतर वेगळ्या व्हीलबेसचं (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर). तुमचं मॉडेल, तुमचा सीट लेआउट त्या कागदावर जुळतोय का ते बोट ठेवून वाचा.

तयार गाडीत डोकं शांत राहतं. पासिंगला कटकट कमी, लोन पटकन होतं. तोटा म्हणजे दरवाजा, सीटा, बॅगांची जागा जशी येईल तशी घ्यायची, आणि जूनच्या तोंडावर गेलात तर वेटिंग.

बांधून घेण्यात सोय भरपूर आहे, म्हणून तर लोक तिकडं जातात. मागं पत्रा चेपला तर सांगलीजवळच्या कुपवाडला नेऊन संध्याकाळपर्यंत गाडी परत. पण मग जरा स्वतः लक्ष घालायला लागतं. पत्रा चढायच्या आधी बॉडीवाल्याच्या शेडवर जा, नंतर काही दिसत नाही. खिडकीमधला खांब खालच्या आडव्या पाइपला जिथं मिळतो तिथं वेल्डिंग सलग आहे की नुसते टाके मारून वर पुटी फासलीय ते बघा. गाडी आडवी झाली तर मुलांच्या डोक्यावरची जागा हेच जोड धरून ठेवतात, आणि आपल्याकडं सीझनला विनालाइटच्या उसाच्या ट्रॉल्या चुकवताना गाडी साइडपट्टीवरनं कशी कलते ते मी सांगायला नको. पलटीची जी टेस्ट आहे तीत बस ८०० मिलिमीटर उंचीवरनं एका बाजूवर पाडतात, बॉडीवाल्याला विचारा हे कशाच्या जोरावर पास दाखवलंय, हिशोबाचा रिपोर्ट असला तरी चालतो, "आमचा माल जाड आहे" हे उत्तर नाही.

अजून एक हौस म्हणजे मागं एक सीटांची ओळ वाढवायची. मागचा ओव्हरहँग, म्हणजे मागच्या चाकांच्या मागं निघालेला भाग, व्हीलबेसच्या ६० टक्क्यांच्या वर जाता कामा नये, आणि शेवटच्या सीटवरची पोरं आधीच उडत असतात. संकटकालीन खिडकीवर ग्रील ठोकून टाकतात तेही बघा, बाकी खिडक्यांना आडव्या सळ्या पाहिजेतच, पण बाहेर पडायची वाट बंद करायची नाही. सीटच्या पाठीवरचा उघडा लोखंडी हँडल तर मला अजिबात पटत नाही, दुसरी-तिसरीच्या पोराचे दात बरोब्बर त्याच उंचीवर येतात. आगीच्या अलार्मचंही विचारा, एआयएस-१३५ खाली शाळेच्या बसला तो लागतो आणि स्वस्त कोटेशनमधनं पहिलं तेच गळतं.

तिसरा पर्याय कुणीतरी सुचवतंच, कारखान्याची जुनी स्टाफ बस घेऊन पिवळी रंगवायची. नको. पायऱ्या, दरवाजा, सीटा सगळं बदलायला लागतं, असे बदल मनानं केले की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत फेरबदल करण्याबद्दलचं) आडवं येतं, शिवाय आठ वर्षांपुढच्या गाडीला दरवर्षी फिटनेस. त्यात वाचलेले पैसे गॅरेजलाच जातात.

माझं मत सरळ आहे, एकच गाडी घेताय आणि शेडवर चकरा मारायला माणूस नाही, तर दोन पैसे जास्त घालून तयारच घ्या. चार-पाच गाड्या एकदम करायच्या असतील आणि बॉडीवाल्याकडं तुमच्याच चासीचं अप्रूव्हल असेल तर बांधून घ्यायला हरकत नाही, फक्त ऑर्डरमध्ये लिहून घ्या की शेवटचं पेमेंट फॉर्म २२-ए चा दुसरा भाग हातात आल्यावर आणि एमएच-१० ला, म्हणजे सांगली आरटीओला, पासिंग झाल्यावरच. तोंडी "होऊन जाईल सायेब" वर चेक देऊ नका.