पुस्तक मागवण्याआधी कुणाची मुलाखत ऐकाल?

आठशे-हजार रुपये देऊन घेतलेलं ललितेतर पुस्तक चाळिसाव्या पानावर मिटून ठेवायची वेळ माझ्यावर इतक्यांदा आली, की आता मी आधी लेखकाची मुलाखत ऐकते आणि मगच पुस्तक मागवते. इंग्रजीत अशा मुलाखतींचा सुकाळ आहे. त्यांतल्या चार मालिका मी बरीच वर्षं ऐकते आहे. तुम्हाला एकाच मालिकेपासून सुरुवात करायची असेल, तर ती कोणती असावी, यासाठी हे लिहिते आहे.

मुलाखत घेणाऱ्यानं पुस्तक नीट वाचलेलं असावं, ही माझी पहिली अट. ती चौघंही पाळतात. वाचून झाल्यावर लेखकाला काय विचारायचं, इथे मात्र चौघांच्या वाटा वेगळ्या होतात.

सर्वांत जुनी मालिका ‘बुकनोट्स’. अमेरिकेतल्या सी-स्पॅन वाहिनीवर ब्रायन लॅम्ब यांनी ती १९८९ ते २००४ अशी चालवली. दर आठवड्याला एक लेखक, एक पुस्तक, एक तास. एकदा येऊन गेलेल्या लेखकाला पुन्हा बोलवायचं नाही, हा नियम. असे ८०१ लेखक झाले. लॅम्ब यांचे प्रश्न अगदी साधे असतात: हे लिहिलंत कुठे बसून? पुस्तक ज्यांना अर्पण केलंय, त्या कोण? या शब्दाचा अर्थ काय? स्वतःचं मत ते सांगतच नाहीत. चरित्र आणि अमेरिकेचा इतिहास वाचणाऱ्याला हा खजिना आहे, आणि तो आजही फुकट पाहता येतो. पण लेखकाचा मुद्दा कच्चा असेल, तर तो तसाच पुढे जातो. शिवाय नव्या पुस्तकांसाठी इथे येऊन उपयोग नाही.

रस रॉबर्ट्स यांचा ‘इकॉनटॉक’ हा पॉडकास्ट २००६ पासून दर सोमवारी येतो. लांबी तासाभराच्या आसपास. रॉबर्ट्स अर्थशास्त्रज्ञ, खुल्या बाजारपेठेच्या बाजूचे, आणि आपला हा कल ते लपवत नाहीत. त्यांची पद्धत मला फार शिकवून गेली. आधी ते लेखकाचा मुद्दा स्वतःच्या शब्दांत मांडतात, इतका नीट की लेखकानं ‘हो, अगदी हेच’ म्हणावं. मग त्यावरचा सगळ्यांत जड आक्षेप समोर ठेवतात आणि शांतपणे ऐकतात. पुस्तक घ्यावं की नाही, हे ठरवायला याहून चांगली रीत मला माहीत नाही. मुद्दा कुठे भक्कम आहे आणि कुठे ताणला गेलाय, दोन्ही त्या तासात कळतं. नोबेलविजेते अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांच्याशी २००६ मध्ये, त्यांच्या निधनाच्या काही महिने आधी झालेलं बोलणं इथेच आहे. अलीकडे मात्र मालिकेचा विषय बराच पसरलाय. रॉबर्ट्स आता जेरुसलेममध्ये एका कॉलेजचे अध्यक्ष आहेत, आणि श्रद्धा, कविता, चांगलं जगणं यांवरही ते पाहुण्यांशी बोलतात. निव्वळ अर्थशास्त्र हवं असेल, तर जुने भाग शोधा.

अर्थशास्त्रज्ञ टायलर कॉवेन यांची ‘कॉन्व्हर्सेशन्स विथ टायलर’ २०१५ पासून सुरू आहे. पुस्तकात काय आहे, हे ते विचारतच नाहीत. ते तुम्ही वाचलंय, असं धरूनच चालतात. प्रश्न भराभर येतात. मध्येच एखादं शहर, खाद्यपदार्थ किंवा संगीतकार पुढे करून विचारतात: याचं कौतुक जरा जास्त होतं की कमी? पुस्तक वाचून झाल्यावर हे ऐकताना विलक्षण मजा येते. आधी ऐकलंत, तर हाती फारसं लागणार नाही.

एक योगायोग मला आवडतो. कॉवेन व्हर्जिनियातल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात शिकवतात, ‘इकॉनटॉक’ सुरू झाला तेव्हा रॉबर्ट्सही तिथेच होते, आणि लॅम्ब यांनी मुलाखतीसाठी वाचलेल्या, स्वतःच्या खुणा केलेल्या प्रतीही त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत.

चौथी मालिका आपल्याकडची. अमित वर्मा यांच्या ‘द सीन अँड द अनसीन’ला नाव मिळालं ते फ्रेंच विचारवंत बास्तिया यांच्या १८५० मधल्या निबंधावरून. २०१७ मध्ये सुरुवात झाली तेव्हा भाग वीसेक मिनिटांचे असत, आता पाच-सहा तासांचेही असतात. लेखकाचं बालपण, घरातली पुस्तकं, पहिली नोकरी असं सगळं झाल्यावर गाडी पुस्तकावर येते. ही लांबी आधी मला खटकायची. मग इतिहासलेखक मनू पिल्लै यांच्याशी शिवाजी महाराजांच्या आधीच्या दख्खनबद्दलचं बोलणं ऐकलं. अहमदनगर, विजापूर ही नावं शाळेत केवळ शत्रूच्या राजधान्या म्हणून पाठ केलेली. तिथली माणसं, दरबार, भाषा, चित्रं यांचा विचार मी त्या दिवशी पहिल्यांदा केला. हा संदर्भ अमेरिकेतल्या मुलाखतकाराकडून मिळणार नाही. मोठे भाग लोकलच्या प्रवासात आठवडाभर तुकड्यातुकड्यांनी ऐकावेत. पण एखादं पुस्तक घ्यायचं की नाही, एवढंच ठरवायला इतके तास घालवू नका.

आपल्यापैकी पुष्कळांना इंग्रजी वाचायला सहज येतं, पण अमेरिकी उच्चार कानाला अडतात. मलाही अडायचे. लॅम्ब, रॉबर्ट्स आणि कॉवेन या तिघांच्याही मुलाखती लेखी स्वरूपात फुकट मिळतात. ‘इकॉनटॉक’च्या पानावर तर बाजूला वेळेच्या नोंदी असतात, म्हणजे न कळलेलं वाक्य तिथेच जाऊन पुन्हा ऐकता येतं. पहिले महिनाभर मी वाचत वाचतच ऐकलं. त्यानंतर गरज पडली नाही.

पुस्तक विकत घ्यायचा प्रश्न असेल, तर मी रॉबर्ट्स यांचंच नाव घेईन. चरित्रं आवडत असतील तर लॅम्ब, पुस्तक वाचून झालं असेल तर कॉवेन, आणि पुस्तकापेक्षा ते लिहिणारा माणूस जाणून घ्यायचा असेल तर वर्मा. रॉबर्ट्स यांच्याकडे गेलात, तर २०१४ मधली फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ टोमा पिकेटी यांची मुलाखत आधी लावा. विषमता कमी करायला संपत्तीवर जागतिक कर बसवा म्हणणारा लेखक आणि बाजारावर भरवसा असलेला मुलाखतकार तासभर समोरासमोर आहेत. तुम्ही दोघांपैकी कुणाच्याही बाजूचे असा, आपल्या बाजूच्या माणसाला कुठे उत्तर सापडलं नाही, ते ऐकताना टिपून ठेवा.