ऑग्सबर्गची खिशातली सूर्यघटिका : सहा महिन्यांच्या वापरानंतर

ऑक्टोबरात ही सूर्यघटिका घेतली तेव्हाच ठरवले होते की तिला काचेच्या कपाटात ठेवायचे नाही, ऊन असेल त्या प्रत्येक दिवशी तिच्यावर वेळ पाहायची. खिशात मावणारी अशी छायायंत्रे घडवणारे बरेच कारागीर अठराव्या शतकात जर्मनीतील ऑग्सबर्ग शहरात होते आणि माझ्या घटिकेच्या पाठीवर त्यांच्यापैकीच अँड्रियास फोगलर यांची सही कोरलेली आहे. अष्टकोनी पितळी तबकडीची रुंदी जेमतेम साडेपाच सेंटिमीटर. तिच्या मध्यभागी होकायंत्र, एका बाजूला अक्षांशांची उभी कमान, दुसऱ्या बाजूला तासांचे वलय आणि एका आडव्या दांडीला टांगलेला ओळंबा. कमान, वलय आणि दांडी तिन्ही बिजागऱ्यांवर मिटतात आणि सगळे यंत्र लहानशा चामडी डबीत बसते.

रचनेमागचा विचार समजला की कारागिरीकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते. बागेतल्या आडव्या सूर्यघड्याळात तासांच्या रेषा कमी-जास्त अंतरावर काढाव्या लागतात आणि त्या एकाच अक्षांशाला लागू पडतात. इथे मात्र वलय कमानीवरील आपल्या अक्षांशाच्या खुणेला लावले की ते विषुववृत्ताच्या पातळीला समांतर होते, मधला शंकू, म्हणजे सावली पाडणारी काडी, पृथ्वीच्या अक्षाला समांतर उभी राहते आणि सावली ताशी बरोबर १५ अंश सरकते. त्यामुळे सगळे तास समान अंतरावर कोरता येतात आणि तेच यंत्र कुठल्याही गावी चालते. पॅरिसमध्ये काम करणाऱ्या मायकेल बटरफील्ड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घटिका, ज्यांत पक्ष्याची चोच अक्षांश दाखवते, दिसायला कितीतरी देखण्या आहेत. पण त्यांची मापे साधारण ४० ते ६० अंशांपुरतीच असल्याने विषुववृत्ताजवळ राहणाऱ्याला त्या पक्ष्याचे कौतुक करण्यापलीकडे काही करता येत नाही.

वलयाचा आतला व्यास सुमारे चार सेंटिमीटर आहे, म्हणजे एका तासाच्या वाट्याला पाच मिलिमीटरांहून थोडीच अधिक जागा येते. तेवढ्यात कोरणाऱ्याने रोमन अंक, अर्ध्या तासाच्या रेघा आणि पाव तासाचे ठिपके बसवले आहेत. भिंगाखाली पाहिले तर प्रत्येक रेघ आत बारीक सुरू होऊन बाहेरच्या टोकाला रुंदावते, आणि चाराचा आकडा चार उभ्या रेघांचा असल्यामुळे तिथे गर्दी होऊन शेवटची रेघ किंचित कलली आहे. मला ती कललेली रेघ फार आवडते. पाठीवर शहरांची नावे आणि त्यांच्यापुढे ‘ध्रुवाची उंची’, म्हणजेच अक्षांश, अशी यादी आहे. आधीच्या कुणा मालकाने मात्र पॉलिश करण्याच्या हौसेपायी पुढच्या बाजूचा सोनेरी मुलामा घासून टाकला आहे आणि विक्रेत्याने फोटोत ती बाजू सोयीस्करपणे सावलीत ठेवली होती.

पहिले पंधरा दिवस वेळ काही केल्या जुळेना. पहिली चूक माझीच होती : पडताळ्यासाठी मोबाइल शेजारीच ठेवत होतो आणि त्यातल्या चुंबकांनी होकायंत्राची सूची खुशाल आपल्याकडे वळवून घेतली होती. दुसरी चूक अधिक मजेची निघाली. होकायंत्राच्या तळाशी उत्तरेपासून सुमारे १६ अंश पश्चिमेला एक रेघ कोरलेली आहे आणि सूची त्या रेघेवर आणायची असते. ती रेघ म्हणजे ऑग्सबर्गचा त्या काळचा चुंबकीय दिक्पात, म्हणजे खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतला कोन. हा दिक्पात कायम राहत नाही. लंडनला १६५७च्या सुमारास तो जवळपास शून्य होता आणि १८२०च्या आसपास २४ अंश पश्चिमेला पोहोचला होता. मी भाबडेपणाने जुन्या रेघेवर भरवसा ठेवून सगळे यंत्रच फिरवून ठेवत होतो. आता आपल्या जागेचा आजचा दिक्पात पाहून सूची लावतो आणि त्या रेघेकडे फक्त इतिहास म्हणून पाहतो.

त्यानंतर घटिकेने निराश केले नाही. सूर्याचे बिंब अर्ध्या अंशाचे असल्याने सावलीच्या कडेला दोन मिनिटांचा धूसरपणा येतोच. त्यात शंकूची जाडी धरली तर पाच मिनिटांपर्यंत वाचता येते, आणि एवढ्याशा वलयावर याहून अधिक मागणे अन्यायाचे होईल. प्रमाणवेळेच्या रेखांशापासून आपल्या जागेचा फरक, म्हणजे अंशामागे चार मिनिटे, वजा केल्यावरही नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती प्रमाणवेळेच्या सोळा मिनिटे पुढे होती आणि फेब्रुवारीच्या मध्यात चौदा मिनिटे मागे. सूर्याची वेळ आणि घड्याळाची वेळ यांतला वर्षभर बदलणारा हा फरक, म्हणजे कालसमीकरण, पुस्तकात वाचला होता, पण अर्ध्या तासाचा हा हेलकावा स्वतःच्या वहीत आकड्यांनी उतरताना पाहणे निराळे.

तक्रारी दोनच. वाऱ्यात ओळंबा ठरत नाही, तळहाताचा आडोसा धरावा लागतो. वलयाच्या बिजागरीखालची पोलादी पट्टी सैल झाल्याने ते हळूहळू खाली बसते. पट्टी बदलण्यापेक्षा मी कागदाची घडी आत सरकवून काम भागवले आहे, कारण मूळ भाग एकदा काढला की तो परत तसाच बसेल याची खात्री देणारा कारागीर मला भेटलेला नाही.

हिवाळाभर सूर्य वलयाच्या पातळीखाली असल्याने शंकू खालच्या बाजूला वळवून वलयाच्या आतल्या कडेवर वेळ वाचत होतो. मार्चच्या विषुवदिनी सूर्य वलयाच्याच पातळीत आल्यामुळे वरची बाजूही उजळेना आणि खालचीही. आतल्या कडेवर तेवढी एक सावलीची रेघ होती. दोन दिवसांनी शंकू वर फिरवला, तेव्हा वरच्या अंकांवर पहिल्यांदाच लांबलचक, फिकट सावली पडली.